स्प्लिट की दुब्रोव्हनिक : दोन शहरे आणि एक लांबलचक दुपार

दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवायची हे एकदा नक्की झाले की पुढचा प्रश्न मुक्कामाच्या शहराचा येतो आणि तो बहुधा दोन नावांपाशी येऊन अडतो : स्प्लिट की दुब्रोव्हनिक. दोन्ही शहरे क्रोएशियातली, दोन्ही एड्रियाटिक समुद्राकाठची, दोन्हींचे जुने गाव १९७९ या एकाच वर्षी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत दाखल झालेले, आणि दोहोंमधले रस्त्याचे अंतर सुमारे २३० किलोमीटर. आम्ही सप्टेंबरच्या उत्तरार्धात चार रात्री दुब्रोव्हनिकला आणि त्यानंतर पाच रात्री स्प्लिटला राहिलो. आम्ही म्हणजे मी, माझे यजमान आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, हे आरंभीच सांगून टाकते, कारण या लेखातला निम्मा निवाडा त्या गुडघ्यांनीच दिलेला आहे.

केवळ देखणेपणावर निवड करायची असती तर हा लेख एका ओळीत संपला असता. समुद्रातून थेट वर उठलेली तटबंदी, तिच्या आत एकमेकांना खेटून बसलेली तांबडी कौले आणि पाठीशी उघडाबोडका सर्ज डोंगर, या चित्राशी बरोबरी करील असे स्प्लिटपाशी काहीही नाही. परंतु सुट्टीतल्या प्रत्येक दिवसाला सकाळ आणि संध्याकाळ यांच्यामध्ये एक लांबलचक दुपारही असते, आणि अकरा ते पाच हे सहा तास कुठे, कसे आणि किती पैशांत जातात यावरच मुक्काम सुखाचा झाला की दगदगीचा हे ठरते, असे माझे मत आहे. या दोन्ही शहरांकडे मी त्याच नजरेने पाहिले.

दुब्रोव्हनिकची सकाळ मात्र कोणत्याही शहराला हार मानायला लावील अशी आहे. तटबंदीचा दरवाजा आठला उघडतो आणि आम्ही दोघे पावणेआठलाच पिले दरवाजापाशी, म्हणजे जुन्या गावाच्या पश्चिमेकडच्या मुख्य वेशीपाशी, जाऊन उभे राहिलो होतो. हंगामात या तिकिटाची किंमत ४० युरोंच्या घरात जाते. ती ऐकून आमच्यात थोडी चलबिचल झाली खरी, पण १९४० मीटर लांबीची ती फेरी पुरी केल्यावर त्याविषयी पुन्हा कोणी काही बोलले नाही. फेरी एकाच दिशेने करायची असल्यामुळे समोरून येणाऱ्यांशी धक्काबुक्की होत नाही. जमिनीच्या बाजूला भिंत काही ठिकाणी २५ मीटर उंचीची आहे, आणि मिन्चेता बुरुजावर पोचल्यावर सगळे जुने गाव पायाखाली येते. तिथून निवांत पाहिले की कौलांचे दोन रंग वेगळे दिसू लागतात : एक जुना, उन्हापावसाने फिकटलेला, पिवळट झाक असलेला, आणि दुसरा गडद, एकसारखा तांबडा. हा दुसरा रंग फार जास्त आहे. १९९१ च्या ऑक्टोबरात यूगोस्लाव्ह सैन्याने शहराला वेढा घातला आणि ६ डिसेंबर १९९१ या दिवशी जुन्या गावावर सर्वांत भयंकर तोफमारा झाला. त्यानंतर जी छपरे नव्याने घालावी लागली त्यांची ही नवी कौले आहेत. भिंतीवरून चालताना खाली एका अंगणात एक बाई कपडे वाळत घालत होती आणि शंभर-दीडशे माणसे तिच्या डोक्यावरून जात असतानाही तिने एकदाही मान वर केली नाही, हे मला त्या सगळ्या फेरीत विशेष लक्षात राहिले.

सासूबाई तटावर चढल्या नाहीत. सुरुवातीचाच जिना इतका उभा आहे की तो त्यांना दाखवण्याचीही गरज पडली नाही. त्यांच्यासाठी रोपवे होता. सर्ज डोंगराची उंची ४१२ मीटर असून तिथवर नेणारा रोपवे १९६९ मध्ये सुरू झाला, युद्धात उद्ध्वस्त झाला आणि २०१० मध्ये पुन्हा चालू झाला. वर नेपोलियनच्या काळातला एक किल्ला आहे आणि त्यात १९९१ च्या युद्धाचे संग्रहालय आहे. तिथली छायाचित्रे पाहता पाहता सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे सगळं तर मी तेव्हा पेपरात वाचलेलं आहे.” तोपर्यंत हे शहर आमच्या दृष्टीने पाचसहाशे वर्षांपूर्वीचे होते, त्या एका वाक्याने ते आमच्या घराच्या दारात आले.

इतिहास हा दुब्रोव्हनिकचा खरा ऐवज आहे आणि तो नुसता दगडांत नाही. राग्युसा या नावाने ओळखले जाणारे हे छोटेसे प्रजासत्ताक १३५८ पासून १८०८ पर्यंत व्हेनिस, हंगेरी आणि ऑटोमन साम्राज्य यांच्या कात्रीत राहूनही टिकले, आणि टिकले ते तलवारीपेक्षा खंडणी, व्यापार आणि वाटाघाटी यांच्या बळावर. त्यांचा रेक्टर म्हणजे राज्यप्रमुख, त्याची मुदत फक्त एक महिन्याची. त्या महिन्यात त्याने वाड्यातच राहायचे आणि सरकारी कामाशिवाय बाहेर पडायचे नाही. रेक्टरच्या वाड्यात “खासगी विसरा, सार्वजनिक सांभाळा” अशा अर्थाचा लॅटिन लेख दारावर कोरलेला आहे. रोगाची साथ असलेल्या भागातून येणाऱ्यांना ३० दिवस शहराबाहेर थांबवण्याचा नियमही याच शहराने १३७७ साली केला. सकाळी साडेदहानंतर मुख्य रस्त्यावर उभे राहिले की या नियमाची आठवण फार तीव्रतेने होते.

कारण साडेदहाला क्रूझची माणसे येतात. महापालिकेने एका वेळी दोनच मोठी जहाजे आणि ४००० च उतारू अशी मर्यादा घातलेली आहे, आणि ती नसताना काय होत असेल याची कल्पना करवत नाही. स्ट्राडून हा गावाचा मुख्य रस्ता तीनशे मीटरच्या आसपास लांबीचा आहे. १६६७ च्या भूकंपानंतर त्याच्या दोन्ही अंगांना एकाच घडणीची घरे बांधली गेली, आणि त्याच्या चुनखडीच्या फरशा पावलांनी घासून इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की कोरड्या असतानाही ओल्या भासतात. पहाटे सहाला मी त्या रस्त्यावर जवळजवळ एकटी होते. झाडलोट करणारे दोघे, कबुतरे आणि पाव पोचवणारी एक ढकलगाडी एवढेच काय ते सोबतीला. साडेअकराला त्याच रस्त्यावर रंगीत छत्र्या उंचावलेले मार्गदर्शक आणि त्यांच्यामागे चाळीस-चाळीस माणसांच्या रांगा. बसायला सावली हवी तर उपाहारगृहात शिरावे लागते, आणि तिथे साध्या कॉफीचा दर आमच्या पुढच्या मुक्कामातल्या कॉफीच्या दुपटीजवळ गेला. ओनोफ्रियोच्या पंधराव्या शतकातल्या कारंज्याचे पाणी अजूनही पिण्याजोगे आहे आणि फुकट आहे, म्हणून बाटली जवळ ठेवावी.

दुपारी माणसाने खोलीवर परतावे म्हटले, तर इथे खोलीचा प्रश्न येतो. आम्ही घेतलेले घर जुन्या गावापासून “पायी दहा मिनिटांवर” असल्याचे जाहिरातीत लिहिले होते आणि ते अक्षरशः खरे होते. फक्त ती दहा मिनिटे उभी होती. मी मोजल्या तेव्हा २१४ पायऱ्या भरल्या. घरमालकाने स्वच्छता उत्तम ठेवली होती, गच्चीवरून लोक्रुम बेट दिसत होते, स्वयंपाकघरात चांगली सुरीसुद्धा होती, पण पायऱ्यांविषयी त्याने एक अक्षर लिहिलेले नव्हते. चाकांची बॅग पायऱ्यांवर चाकांची राहत नाही, ती नुसती जड बॅग होते. यजमानांनी दोन बॅगा दोन खेपांत वर नेल्या. सासूबाई दर तीस पायऱ्यांनी थांबत, उंबरठ्यावरच्या मांजराची विचारपूस केल्यासारखे करत वर आल्या आणि त्या दिवशी पुन्हा खाली उतरल्या नाहीत. दुब्रोव्हनिकला घर घेताना अंतर विचारू नये, पायऱ्या विचाराव्यात, आणि उत्तर आकड्यात मागावे. लापाड द्वीपकल्पाच्या बाजूला सपाट रस्ते आहेत, सुसज्ज हॉटेले आहेत आणि पिले दरवाजापर्यंत शहर बस वारंवार येते. वयस्क माणसे बरोबर असतील तर तोच भाग घ्यावा. पहाटेचे स्ट्राडून मात्र मग सहजासहजी मिळत नाही.

दुब्रोव्हनिकची दुपार वाचवणारी जागा एकच सापडली, ती म्हणजे लोक्रुम. जुन्या बंदरातून होडीने पंधरा मिनिटांत जाता येते. बेटावर झाडी दाट आहे, मोर मोकळे हिंडतात, बेनेडिक्टाइन साधूंच्या मठाचे अवशेष आहेत, आणि खडकांच्या मागे समुद्राशी आतून जोडलेले एक छोटे खारे तळे आहे, ज्यात लाटा नसल्यामुळे पोहता न येणाऱ्या माणसालाही उतरण्याचा धीर होतो. रात्री बेटावर राहता येत नाही, शेवटची होडी चुकवू नये. त्या तळ्याच्या काठी पाय पाण्यात सोडून सासूबाई अडीच तास बसल्या आणि चार दिवसांतला तो त्यांचा सर्वांत चांगला वेळ होता. शहराला लागून असलेला बान्ये किनाराही वाईट नाही, तिथून तटबंदी अगदी समोर दिसते. पण गोट्यांचा तो अरुंद पट्टा हंगामात भाड्याच्या आरामखुर्च्यांनी भरून जातो. क्रोएशियात समुद्रकिनारा कायद्याने सार्वजनिक मालमत्ता आहे, तेव्हा स्वतःचा पंचा अंथरायला कोणाची परवानगी लागत नाही. अंथरायला जागा मिळेल की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

स्प्लिटमध्ये पाऊल ठेवताक्षणी प्रेमात पडावे असे काही घडले नाही. शहराच्या बाहेरचा भाग समाजवादी काळातल्या उंच, करड्या इमारतींचा आहे, भिंतींवर हायदुक या फुटबॉल क्लबची चित्रे आणि घोषणा रंगवलेल्या आहेत, आणि बस जिथे उतरवते तिथे डिझेलचा वास आणि बोटीसाठी खोळंबलेल्या मोटारींची रांग. मात्र बसस्थानक, रेल्वे स्थानक आणि बोटींचा धक्का हे तिन्ही एकमेकांना लागून आहेत आणि तिथून जुने गाव सपाट रस्त्याने पायी दहा मिनिटांवर आहे. ही दहा मिनिटे खरोखरच आडवी होती. सासूबाईंनी स्वतःची छोटी बॅग स्वतः ओढत नेली.

जुने गाव म्हणजे इथे रोमन सम्राट डायोक्लेशियन याचा राजवाडा. इसवी सन ३०५ मध्ये त्याने स्वेच्छेने सत्ता सोडली आणि आपल्या जन्मप्रदेशात बांधलेल्या या वाड्यात तो राहायला आला. वाड्याचा विस्तार साधारणपणे २१५ मीटर बाय १८० मीटर, म्हणजे वाडा म्हणण्यापेक्षा तटबंद गाव म्हणणेच योग्य. सातव्या शतकाच्या आरंभी जवळच्या सलोना शहराचा विध्वंस झाल्यावर तिथले निर्वासित या भिंतींच्या आत शिरले आणि तेव्हापासून माणसांनी हा वाडा सोडलेला नाही. रोमन खांबांच्या मधोमध कोणाची तरी खिडकी, खिडकीत तुळशीसारख्या वासाच्या झाडाची कुंडी, खाली बँक, शेजारी न्हाव्याचे दुकान. आत शिरायला तिकीट नाही, दरवाजे बंद होत नाहीत, आणि एखादा माणूस खांद्यावर शिडी घेऊन सतराशे वर्षांच्या कमानीखालून घाईघाईने कामाला जाताना दिसतो. दुब्रोव्हनिकच्या तटबंदीवरून इतिहास खाली पाहावा लागतो, इथे तो वाटेत येतो.

या वाड्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट एक ऐतिहासिक सूड आहे. डायोक्लेशियनने ३०३ पासून ख्रिस्ती लोकांचा अत्यंत क्रूर छळ केला. सलोनाचा बिशप दोम्नियस याला ३०४ मध्ये ठार मारण्यात आले. पुढे ख्रिस्ती धर्माचा अंमल बसल्यावर सम्राटाने स्वतःसाठी बांधलेल्या अष्टकोनी समाधिमंदिराचेच चर्च करण्यात आले आणि ते त्याच दोम्नियसच्या नावाने, म्हणजे स्थानिक भाषेत स्वेती दुये या नावाने, वाहिले गेले. सम्राटाचे शव कुठे गेले याचा पत्ता नाही. समोरच्या पेरिस्टिल चौकात इजिप्तहून आणलेला काळ्या ग्रॅनाइटचा स्फिंक्स अजून बसलेला आहे. संध्याकाळी या चौकाच्या पायऱ्यांवर बसायला जागा मिळते आणि चौकाच्या दक्षिणेला, छत उघडे पडलेल्या गोल दालनात, क्लापा गाणारे पुरुष उभे राहतात. क्लापा म्हणजे वाद्यांशिवाय अनेक सुरांत म्हटले जाणारे दाल्मेशियाचे समूहगान. २०१२ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. ते पर्यटकांसाठीच गातात आणि नंतर सीडी विकतात हे आम्हाला ठाऊक होते, तरी त्या गोल भिंतींत आवाज असे काही घुमतात की तीन गाणी संपेपर्यंत आमच्यापैकी कोणी हलले नाही.

आता स्प्लिटची दुपार. दाल्मेशियात “फ्याका” नावाची एक अवस्था आहे : अंगात आणि मनात काहीही करण्याची इच्छा न उरणे, आणि त्याचे वाईटही न वाटणे. तिला आळस म्हटलेले तिथल्या लोकांना आवडत नाही. स्प्लिटमध्ये या अवस्थेला शरण जाण्याची सोय पावलोपावली आहे. रिवा हा समुद्राकाठचा रुंद रस्ता ताडांच्या रांगेखाली बाकांसह सगळ्यांसाठी मोकळा आहे. तिथे काही विकत न घेता दोन तास बसले तरी कोणी उठवत नाही. वाड्याच्या पश्चिमेला १७८ मीटर उंचीचा मार्यान डोंगर पाइनच्या झाडांनी झाकलेला आहे, आणि त्याच्या पायथ्याशी काश्युनी, बेने असे छोटे, सावलीचे किनारे आहेत. तिथे गोटे आहेत, समुद्री साळिंदरांचे काटे आहेत, पाण्यात वापरायचे रबरी बूट दहा-बारा युरोंत मिळतात आणि ते घ्यावेतच.

पण आमची दुपार जिथे रोज जाऊ लागली ते ठिकाण बाच्वित्से. बोटींच्या धक्क्यापासून चालत दहा मिनिटांवरचा हा वाळूचा किनारा आहे आणि इथल्या खडकाळ किनारपट्टीवर वाळू दुर्मीळच. पाणी इतके उथळ की बरेच आत गेले तरी ते घोट्याच्या फारसे वर चढत नाही. याच उथळ पाण्यात पित्सिगिन नावाचा खेळ जन्माला आला आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून तो इथे खेळला जातो. पाच माणसे वर्तुळात उभी राहतात आणि वरची लोकर काढून टाकलेला टेनिसचा छोटा चेंडू तळहाताने एकमेकांकडे उडवत राहतात. चेंडू पाण्यात पडू द्यायचा नाही, एवढाच नियम. गुण नाहीत, बाजू नाहीत, कोणी जिंकत नाही. आमच्या समोर पाच जण खेळत होते, त्यांतला सर्वांत धाकटा पस्तिशीचा असेल आणि थोरला सत्तरीच्या पलीकडचा. पोट सुटलेला, पांढऱ्या मिशांचा तो थोरला गृहस्थ चेंडू हाताबाहेर चालला की आडवा सूर मारून, फवारा उडवत, पालथा पडत असे आणि पडता पडता बोटांच्या टोकांनी चेंडू वर उडवत असे. उठून तो आधी केस सारखे करी. यजमानांनी त्याच्या सुरांची मोजदाद सुरू केली होती, पण सतरानंतर त्यांना डुलकी लागली.

बोटींची सोय हा स्प्लिटच्या बाजूचा दुसरा मोठा मुद्दा आहे. याद्रोलिनिया या बोट कंपनीची मोठी बोट ५० मिनिटांत ब्राच बेटावरच्या सुपेतारला पोचवते आणि ह्वार बेटावरच्या स्तारी ग्रादला साधारण दोन तास लागतात. म्हणजे सकाळी न्याहारी करून निघावे, बेटावर जेवावे, समुद्रात डुंबावे आणि संध्याकाळी परत रिवावर यावे, असा दिवस विनासायास जमतो. ट्रोगिर हे वारसा यादीतले आणखी एक जुने शहर बसने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. दुब्रोव्हनिकहूनही लोपूड आणि त्याच्या शेजारची बेटे गाठता येतात, म्लेत बेटावरचे राष्ट्रीय उद्यानही आहे. परंतु तिथे प्रत्येक सहल आखावी लागते, तर स्प्लिटमध्ये धक्क्यावर जाऊन पुढची बोट कोणती ते विचारले तरी चालते.

स्प्लिटचे दोष झाकण्याचे कारण नाही. वाड्याच्या आत खोली घेतली तर रात्री दोनपर्यंत झोप विसरावी. गल्ल्या अरुंद आहेत, दगड आवाज शोषत नाही, आणि तरुणांच्या टोळ्या घेऊन एका मद्यालयातून दुसऱ्यात नेणाऱ्या सहली खिडकीखालूनच जातात. आमची खोली वाड्याच्या पूर्वेला, पाझार या भाजीबाजाराच्या पलीकडे होती आणि ती निवड योग्य ठरली. मासळीबाजाराच्या परिसरात गंधकाच्या झऱ्यांमुळे अधूनमधून कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. या गंधकामुळेच तिथे माश्या नसतात असे सांगितले जाते, आणि मला एकही दिसली नाही. शिवाय बाच्वित्सेची वाळू बारीक असली तरी ऑगस्टमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते असे घरमालकीण म्हणाल्या. क्रूझ जहाजे इथेही येतात, फक्त शहर मोठे असल्यामुळे ती जिरून जातात.

जेवणाच्या बाबतीत दोन्ही शहरे मुख्यतः मासळीची आहेत. म्हाकुळाच्या शाईत शिजवलेला काळा रिसोटो दोन्हीकडे उत्तम मिळाला. दुब्रोव्हनिकला स्तोनच्या खाडीतले कालव आणि रोझाता नावाचे कॅरमेलचे गोड चुकवू नये. शाकाहारी माणसाची मात्र स्प्लिटमध्ये जास्त चांगली सोय होते, आणि त्याचे कारण सोपार्निक. शहराच्या मागच्या पोलित्सा या डोंगराळ भागातला हा पदार्थ : दोन पातळ पोळ्यांच्या मध्ये चिरलेली ब्लित्वा म्हणजे चार्डची पालेभाजी आणि कांदा घालून तो चुलीच्या तळावर, वरून निखारे पसरून भाजतात आणि गरम असतानाच लसूण व ऑलिव्ह तेल चोपडतात. पाझारमध्ये एक बाई तो भल्यामोठ्या लाकडी फळीवर घेऊन बसतात आणि शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे कापून देतात. आम्ही पाच दिवसांत चार वेळा तेथे गेलो. चौथ्या वेळी बाईंनी न मागता एक तुकडा जास्त ठेवला.

काही व्यवहाराच्या गोष्टी. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियात युरो चालतो आणि त्याच दिवसापासून तो देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. ज्यांच्याजवळ एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा आहे त्यांनी इथे विशेष सावध राहावे, कारण दोन शहरांच्या मधोमध शेंगेनबाहेरच्या बॉस्नियाची सुमारे २० किलोमीटरची किनारपट्टी, म्हणजे नेउम, आडवी येते. व्हेनिसच्या फौजा जमिनीवरून आपल्यावर येऊ नयेत म्हणून राग्युसाने हा तुकडा १६९९ मध्ये ऑटोमन साम्राज्याला देऊन टाकला आणि त्या मुत्सद्देगिरीची किंमत आजचे बसप्रवासी मोजतात. जुलै २०२२ मध्ये २४०४ मीटर लांबीचा पेल्येशाच पूल खुला झाल्यापासून क्रोएशियाची हद्द न सोडता जाता येते, परंतु सगळ्याच बसगाड्या पुलावरून जातात असे नाही. तिकीट काढतानाच मार्ग विचारावा. बॉस्नियातले मोस्तार आणि मॉन्टेनेग्रोतले कोतोर या लोकप्रिय एकदिवसीय सहलींतही शेंगेनची हद्द ओलांडावी लागते, हेही ध्यानात ठेवावे. दुब्रोव्हनिकला रेल्वे नाही. स्प्लिटहून झाग्रेबला आहे. हंगामात दोन शहरांदरम्यान जलद बोटही धावते, पण युगो हा दमट आग्नेय वारा सुटला की तिचा भरवसा नसतो.

माझ्यापुरता निवाडा असा आहे की आठवडाभर एकाच ठिकाणी पडायचे असेल, बरोबर मुले किंवा वयस्क माणसे असतील आणि दिवसाकाठी एखादा बेत फसला तरी वाईट वाटून घ्यायचे नसेल, तर स्प्लिट. दोनच रात्री असतील, पाय शाबूत असतील, पहाटे उठण्याची तयारी असेल आणि खर्चाकडे डोळेझाक करता येत असेल, तर दुब्रोव्हनिक. मात्र ते स्प्लिटहून एका दिवसात उरकून येण्याच्या भानगडीत पडू नये, कारण त्या हिशेबात शहराची नेमकी दुपारच तेवढी वाट्याला येते. यजमानांना हे मत मान्य नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तटबंदीवरच्या त्या दोन तासांसाठी ते आणखी २१४ पायऱ्या चढतील. बॅगा कोण चढवणार, हे त्यांनी सांगितले नाही.

बसचे तिकीट काढताना आसनाचाही विचार करावा. दुब्रोव्हनिकहून स्प्लिटकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो आणि उलट प्रवासात उजव्या. आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे आम्ही तिघेही उजवीकडे बसून चार तास डोंगराचा कातळ पाहत गेलो. नेरेत्वा नदीच्या मुखाशी संत्र्यांसारख्या छोट्या मँडरिनच्या बागा लागल्या आणि रस्त्याच्या कडेला त्यांच्या जाळीदार पिशव्या टांगलेल्या दिसल्या, तेवढाच काय तो विसावा. डावीकडच्या खिडकीत मान मुरगाळून समुद्र पाहणाऱ्या यजमानांना सासूबाई म्हणाल्या, “अरे, पाच दिवस तोच तर बघायचाय.” आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.